माझी लेक वही का लिहिते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलावण्याचा आपला प्रघात आहे. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की आपल्यातल्याच एकीने बोलावे, आणि माझे नाव निघाले. मी सातवी पास. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा लांबच्या गावी, आणि त्या वाटेने मुलीला एकटी धाडायची नाही असे घरात ठरलेले. सातवीनंतर माझी पुस्तके धाकट्या भावाकडे गेली आणि मी चुलीकडे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण मजकडून व्हायचे नाही. मी एका प्रश्नाचे उत्तर तेवढे द्यायला उभी आहे. तो प्रश्न गेली तीन वर्षे तुम्हीच मला जिन्यात, भिशीत, हळदीकुंकवाला विचारीत आला आहात : "तुमची थोरली एवढी शिकते आहे, मग अभ्यास सोडून त्या वह्या कसल्या लिहीत बसते?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी हकिगत सांगते. थोरलीने शेतकीची पदवी घेतली, त्यापुढची घेतली, आणि आता ती एका कृषी विद्यापीठात राहून डॉक्टर होण्यासाठी संशोधन करते. हा डॉक्टर सुई टोचणारा नव्हे. आमच्या सासूबाई अजूनही गुडघ्याचे औषध तिलाच विचारतात, आणि तीही बिचारी काहीतरी सांगते. तिचा विषय आहे जोंधळ्यावरची खोडमाशी. ती तिकडे गेल्यापासून दर दोन महिन्यांनी एक शंभरपानी वही घरी येते. वहीत ती फक्त उजव्या पानावर लिहिते. डावे पान कोरे; ते माझे. आज काय केले, काय पाहिले, काय फसले, काय कळले नाही, हे तिने उजवीकडे लिहायचे. वाचून मला जे वाटेल, जे विचारावेसे वाटेल, ते मी डावीकडे लिहायचे आणि वही परत धाडायची. तोवर तिची दुसरी वही चालू असते. रहाटाची एक बादली भरून वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, तसे आमचे चालते. कधी टपालाने, कधी तिकडे जाणाऱ्या कोणाच्या पिशवीतून. दिवाळीला ती दोन्ही पाने भरलेल्या वह्या आणून घरी ठेवते.

फोन आहे की घरात, रोज बोलता की, असे तुम्ही म्हणाल. बोलतो. रोज रात्री साडेआठला बोलतो. पण काय बोलतो ते ऐका. जेवलीस का. मेसमध्ये काय होते. सर्दी गेली का. बाबा आले का. आजीचा गुडघा कसा आहे. बरे, ठेव मग. हे बोलणे मला हवेच असते, एक दिवस चुकले तर मला झोप येत नाही. पण असे तीन वर्षे बोलूनही, माझी पोर दिवसभर शेतात ओणवी होऊन काय शोधते, हे मला कधी कळले नसते. फोनवर दमलेला आवाज लपवता येतो. अक्षर लपत नाही. ती दमली की तिच्या ओळी उजव्या बाजूला खाली घसरतात, हे मी पहिल्या वहीतच हेरले.

आता ही खोडमाशी म्हणजे काय ते सांगितल्यावाचून पुढचे कळायचे नाही. आपण सगळ्या रोज भाकरी थापणाऱ्या; सोलापूरच्या बाईला जोंधळा सांगायला नको. माझे माहेर मंगळवेढ्याकडचे, काळ्या रानातले, पण मीसुद्धा ही माशी अशी निरखून कधी पाहिली नव्हती. ती घरातल्या माशीच्याच कुळातली, पण तिच्याहून लहान आणि करडी. जोंधळा उगवून आठवडा झाला की ती कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला अंडे चिकटवते. अंडे पांढरे, लांबट, तांदळाच्या कणीहूनही बारीक. दोनएक दिवसांत अळी निघते, पहाटेच्या ओलीवर पानावरून सरकत पोंग्यात शिरते आणि आतला वाढीचा कोंभच कुरतडते. मग मधला पोंगा वाळतो. ओढला तर अलगद हातात येतो आणि त्याला घाण वास येतो. यालाच पोंगेमर म्हणतात. रोप महिन्याचे झाले की माशीचे फारसे चालत नाही. सगळा धोका पहिल्या तीन-चार आठवड्यांचा. बाळंतघरासारखेच आहे.

तिचे काम असे, की जोंधळ्याच्या निरनिराळ्या जाती ओळीओळीने पेरायच्या, उगवल्यावर चौदाव्या दिवशी एकेका रोपाचे पान उलटून भिंगाने अंडी मोजायची, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी किती रोपांचा पोंगा मेला ते मोजायचे. माशी भरपूर यावी म्हणून शेतात सुक्या मासळीची भुकटी ओली करून टाकतात. त्या वासाला ती येते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासळी शिजलेली नाही, आणि माझी पोर मासळीच्या भुकटीची पिशवी खांद्याला लावून शेतात जाते! पहिल्या वहीला तो वास होता. सासूबाईंनी ती वही चार दिवस गॅलरीत ठेवली होती.

गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा चकल्या पाडता पाडता मी तिला तुमचाच प्रश्न विचारला. म्हटले, लोक विचारतात, तर मी काय सांगू? तिने एक कारण सांगितले नाही. घाणा तळून होईपर्यंत सांगतच होती. त्यातली काही मला पटली नाहीत, तीही सांगते. लिहिल्याने हात बसतो, पुढे प्रबंध लिहिणे सोपे जाते, असे ती म्हणाली. असेल. पण प्रबंध इंग्रजीत आणि वही मराठीत; हा हात त्या कामाला कितपत पडेल कोण जाणे. पुढे नोकरीच्या वेळी उपयोग होईल, असेही म्हणाली. मुलाखतीला बसलेले साहेब काही आईला लिहिलेली वही मागायचे नाहीत. ही दोन कारणे लोकांना सांगायला बरी असतात, म्हणून ती सांगते असा माझा अंदाज. खरी कारणे वेगळीच आहेत.

पहिले खरे कारण हे, की जे तिला आईला सांगता येत नाही ते तिला समजलेलेच नसते. हे तिचे म्हणणे, माझे नव्हे. एक उदाहरण देते म्हणजे उलगडा होईल. तिसऱ्या वहीत तिने लिहिले, "अमुक जात खोडमाशीला प्रतिकार करते." मी डाव्या पानावर विचारले, "प्रतिकार करते म्हणजे काय करते? जोंधळा काही काठी घेऊन उठत नाही." यावर ती दोन आठवडे गप्प. नंतर फोनवर म्हणाली, आई, हा शब्द मी पाच वर्षे परीक्षेत लिहीत आले, आणि तू विचारल्यावर मला सांगता येईना. मग तिने पुस्तके पुन्हा वाचली, सरांना विचारले, आणि चार पाने भरून लिहिले. ते मला इतके आवडले की तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ती म्हणते, झाडाचा प्रतिकार तीन तऱ्हांचा असतो. पहिली तऱ्हा, माशीला पान पसंतच पडू नये. काही जातींची कोवळी पाने तुळतुळीत चकाकतात, पानाच्या खालून अगदी बारीक लव असते, आणि मधल्या पानावर ओल कमी धरते. अशा रोपावर माशी अंडी कमी घालते, आणि घातली तरी अळीला खाली सरकणे जड जाते. दुसरी तऱ्हा, अळी आत शिरली तरी तिला ते अन्न मानवू नये. ती खुरटते, मरते. आणि तिसरी तऱ्हा, मुख्य पोंगा मेला तरी रोपाने हार न मानता बुडातून फुटवे काढावेत आणि त्यांना कणसे धरावीत. माशीला पसंत न पडणे, पडलेच तर तिला न मानवणे, आणि घाव बसलाच तरी पुन्हा फुटणे. मी हे वाचले तेव्हा कितीतरी वेळ पोळपाट तसाच समोर होता. डाव्या पानावर मी एवढेच लिहिले, की फुटव्याचे कणीस मागाहून येते आणि बारके राहते. माझे वडील त्याला धान्यात धरीत नसत, वैरणीत धरीत. तिने पुढच्या वहीत उत्तर दिले : "हे सरांना सांगितले. ते म्हणाले, तुझ्या आजोबांचा हिशेब बरोबर होता."

दुसरे कारण फजितीचे. प्रबंधात फजितीला जागा नसते. चार वर्षांत जे जमले ते त्यात यायचे. जे फसले, वाळले, उंदरांनी खाल्ले, ते गेले. मग त्या दिवसांचे काय करायचे? तेही दिवस तिने उन्हातच काढलेले असतात की! तिने मला एका शास्त्रज्ञाची गोष्ट लिहून पाठवली होती, ती सांगते; कारण शाळेच्या बाबतीत तो माझ्याच पंक्तीचा. मायकेल फॅरेडे त्याचे नाव, जन्म १७९१, इंग्लंडातल्या एका लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीला होता आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढायचा. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. याने तिथे टिपणे घेतली, घरी येऊन ती सविस्तर उतरली, आकृत्या काढल्या, आपल्याच हाताने बांधून त्यांचे पुस्तक केले आणि ते खुद्द डेव्हींना धाडून दिले. पुढल्या साली, १८१३ मध्ये, डेव्हींनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले. १८३१ साली त्याने लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांतून वीज निर्माण करून दाखवली. आपल्या घरात येणारी बहुतेक वीज आजही त्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रातून येते. हा मनुष्य पुढे जन्मभर प्रयोगांची वही लिहीत राहिला. परिच्छेदांना आकडे घालायचा, आणि ते आकडे १६,००० च्या वर गेले. त्यात फसलेले प्रयोगही आहेत, तेवढ्याच नीट अक्षरांत. वही बांधणाऱ्याचा हात तो; वहीची किंमत त्याला ठाऊक होती.

आमच्या घरी वहीची किंमत कळली ती आठव्या वहीने. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या वेळी तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मला जो सल्ला दिला तो प्रेमाने दिला होता, आणि आम्ही तो का घेतला नाही हे तुम्हाला कळायला हवे.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा. पेरणी होऊन रोपे वर आली होती, मोजणीला दोन दिवस होते, आणि तीन दिवस पाऊस लागला तो खळेचना. रानात पाणी साचले, रोपे पिवळी पडली, बुडातून सडली. एक हंगाम गेला म्हणजे एक वर्ष गेले, आणि शिष्यवृत्ती काही जन्मभर पुरत नाही. नेमके त्याच आठवड्यात पुण्याहून स्थळ आले. मुलगा नोकरीत, घर चांगले, हुंड्याची गोष्ट नाही. अट एकच, की शिक्षण आता पुरे. जाऊबाई म्हणाल्या, देवानेच सुचवले. शेजारणी म्हणाल्या, असे स्थळ दारी चालून येत नाही. फोनवर लेक म्हणाली, "येते मी परत. नाहीतरी इथे काही उरले नाही." तिच्या बाबांनी ते ऐकले आणि पाहुण्यांना होकार कळवायची तयारी केली.

पाचव्या दिवशी वही आली. पाणी साचले त्या दिवसाच्या पानावर तिने रानाचा नकाशा काढला होता. कोणत्या ओळी गेल्या त्यावर काट, वरच्या बांधालगतच्या दोन ओळी उभ्या होत्या त्यांना गोल. त्यांतली रोपे तिने चिखलात बसून मोजली होती, एकेक. आणि खाली लिहिले होते : "आई, मला हे सोडायचे नाही. फोनवर सोडते म्हणाले, कारण बाबा ऐकत होते आणि त्यांच्या आवाजात काळजी होती."

मी ती वही यांच्या हातात दिली. हे कारखान्यात मागांवर जॉबर आहेत. तोवरच्या सात वह्या माझ्या उशाशी होत्या, पण मायलेकींचे काहीतरी म्हणून यांनी कधी उघडल्या नव्हत्या. रात्री जेवण झाल्यावर वाचायला बसले ते मला वाटते दोनपर्यंत वाचत होते. आठवी वाचून पहिली मागितली. सकाळी चहा पिताना म्हणाले, "ही पोर माझ्यासारखीच तुटलेला धागा हुडकत बसते." एवढेच. पाहुण्यांना यांनी स्वतः फोन करून सांगितले, की मुलगी शिकते आहे, दोन वर्षे थांबणार असाल तर आनंद आहे. ते थांबले नाहीत. त्यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना घाई होती.

आणि गंमत पुढेच आहे. दुसऱ्या वहीत लेकीनेच लिहिले होते, की पावसाळी जोंधळा पावसाबरोबर पेरला तर बराचसा निभावतो, उशिरा पेरला तर माशी त्याच्यावर तुटून पडते. मी ती वही काढून फोनवर तिला तिचेच वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, शेतकऱ्याला जे वाईट ते तुझ्या मोजणीला बरे नव्हे का? आता पुन्हा पेरले तर? पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. सरांच्याही मनात तेच होते असे मागाहून कळले, तेव्हा यात माझी फार मोठी हुशारी नाही. पण ते वाक्य वहीत होते म्हणून माझ्या हाताशी होते. पाणी ओसरून वाफसा आल्यावर तिने दुसरी पेरणी केली. माश्या इतक्या आल्या, की एकेका पानावर दोन-दोन, तीन-तीन अंडी मिळाली. त्या वर्षीच्या मोजणीवरच आता तिच्या प्रबंधातले एक प्रकरण उभे आहे. बुडालेल्या पेरणीला त्यात एक ओळ आहे. वहीत अकरा पाने आहेत.

बाईने आपल्या शिकण्याची कारणे चारचौघांत सांगावीत, ही रीत काही माझ्या लेकीने काढलेली नाही. डॉ. आनंदीबाई जोशींचे नाव आपल्याला ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालातल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेस का जातो ते लोकांना समजावून सांगितले. तेव्हा त्यांना अठरावे वर्ष पुरे व्हायचे होते. लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले : हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकतील त्याचे काय, परदेशात संकट आले तर काय करशील, आणि कोणत्याही बाईने न केलेली गोष्ट तूच का करावीस. पाहा, प्रश्न अजून तेच आहेत. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. तिकडून त्यांनी घरी जी पत्रे लिहिली, ती काशीबाई कानिटकरांनी त्यांच्या चरित्रात दिली आहेत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण तिथे काम करायला त्या उरल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षेही भरली नव्हती. दवाखाना चालवायला मिळाला नाही. म्हणजे त्या शिकत होत्या तेव्हा कशा होत्या, काय सोसत होत्या, कशाने हरखत होत्या, ते आपल्याला कळते ते बरेचसे त्या पत्रांमुळे. पदवीचा कागद एवढे सांगत नाही.

माझी लेक काही सातासमुद्रापार गेलेली नाही, एसटीने एका दिवसाची वाट. पण अंतर मैलांनीच पडते असे नाही. पहिल्या वर्षी ती सुट्टीत आली की दोन दिवस पाहुणीसारखी बसायची. आम्ही विचारायचो, कसे चालले आहे? ती म्हणायची, ठीक. तिला वाटे, यांना काय सांगायचे. आम्हाला वाटे, तिला काय विचारायचे. शिकलेल्या लेकीचे आणि न शिकलेल्या आईचे असे होते, हे या सभागृहात पुष्कळ जणींना ठाऊक आहे. कोणी बोलत नाही एवढेच. चकल्या पाडताना तिने सर्वांत शेवटी सांगितलेले कारण हेच होते. म्हणाली, "मी लिहिले नाही, तर मी कशात गुंतले आहे ते तुला कळणार नाही. मग तू मला फक्त जेवलीस का एवढेच विचारशील, आणि मी हो म्हणेन."

मराठीचेही एक कारण आहे. दिवसभर तिला इंग्रजीच. नोंदी इंग्रजी, चर्चा इंग्रजी, प्रबंध इंग्रजी. माशीला आणि अळीला लॅटिन नावे. ती म्हणते, मराठीत लिहायला लागले की पोंगा, फुटवा, वाफसा, कणी असे शब्द आपोआप येतात आणि मग शेत दिसायला लागते. इरावती कर्वे बर्लिनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या, इंग्रजीत मोठमोठी संशोधने लिहिली, आणि तरीही आपल्यासाठी मराठीत 'परिपूर्ती'सारखे घरगुती लेख लिहिले. माझी लेक काही इरावतीबाई नव्हे. पण ज्वारी पिकवणाऱ्याला जे समजायला हवे ते त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे, एवढे तिला कळते, याचा मला आनंद आहे.

आता दुसरी बाजूही सांगते. सगळेच वहीत लिहावे असे नाही. आम्ही तिघांनी बसून काही गोष्टी ठरवल्या आहेत. मार्गदर्शक सरांची तक्रार वहीत लिहायची नाही. असेल तर फोनवर आईला सांगायची आणि मोकळे व्हायचे. बरोबरच्या मुलींची खाजगी बाब लिहायची नाही, कारण वही मंडळात वाचली जाते. मोजणीचे पक्के आकडे छापून येण्याआधी वहीत घालायचे नाहीत. त्यांवर तिचा एकटीचा हक्क नसतो. आणि झोप मोडून लिहायचे नाही. हा शेवटचा नियम माझा, आणि तो ती पाळत नाही. घसरत्या ओळींवरून मला कळते.

डाव्या पानाबद्दल बोलायला मला संकोच वाटतो, पण चिटणीसबाईंनी बजावले आहे की तेही सांगा. सातवीनंतर पंचवीसेक वर्षांत मी लिहिले काय? वाण्याची यादी, बँकेची स्लिप, लग्नपत्रिकेवर नावे. पहिल्या वहीच्या डाव्या पानांवर माझ्या चार-चार शब्दांच्या ओळी आहेत : वाचले, छान, तब्येत सांभाळ. सातव्या-आठव्या वहीपासून माझी पाने भरू लागली. अडलेला शब्द मी धाकट्याला विचारीत असे. हल्ली तोच मला निबंधात विचारतो. आणि गेल्या वर्षापासून तुम्हीही त्यात आलात. आपल्या बुधवारच्या बैठकीत वही वाचायला लागले तेव्हापासून तुमचे प्रश्न मी डावीकडे लिहून धाडते. एकीने विचारले, की भाकरीला गोड लागणारा जोंधळा माशीला जास्त आवडतो काय? त्यावर लेकीने लिहिले आहे, की याचे उत्तर आज तिच्याजवळ नाही, पण प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवला आहे. दुसऱ्या एकीने विचारले, की माशी मारायला औषध का फवारत नाही? त्याला तिने तीन पाने उत्तर दिले आहे. पुढच्या बुधवारी वाचू. थोडक्यात एवढेच, की अळी एकदा पोंग्याच्या आत गेली की वरून फवारलेले तिच्यापर्यंत नीट पोचत नाही, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशाला ते परवडतही नाही. बियाणेच निभावणारे असेल तर खर्च वाचतो. म्हणून तर ती पाने उलटत बसते.

सध्या अठरावी वही चालू आहे. प्रबंध लिहायचे वर्ष असल्यामुळे मजकूर कमी आणि ओळी फार घसरलेल्या. पहिल्या सतरा वह्या चिटणीसबाईंच्या सांगण्यावरून मी मंडळाच्या कपाटात आणून ठेवल्या आहेत. लेकीची परवानगी घेतली आहे. ज्यांना वाचायच्या असतील त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहून एका वेळी एकच न्यावी आणि बुधवारच्या बैठकीला परत आणावी. हळदीचे हात लावू नयेत. पहिलीचा वास आता गेला आहे.